माउंटन बाइकचा डिस्क ब्रेक घासतो तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येऊरचा चढ, पारसिक हिलचा उतार, घोडबंदर रस्त्यावरचे पावसाळी खड्डे आणि पाम बीच रस्त्यावरची सपाट दौड या साऱ्यांसाठी एकच माउंटन बाइक वापरणारे ठाणे आणि नवी मुंबईत पुष्कळ आहेत. त्यांची सर्वांत नेहमीची तक्रार म्हणजे चाक फिरताना येणारी खसखस. अशा वेळी बहुतेक जण आधी कॅलिपरचे (चकतीला दोन्ही बाजूंनी पकडणाऱ्या चिमट्यासारख्या भागाचे) बोल्ट सैल करतात आणि जे बरोबर होते तेही बिघडवून बसतात. प्रत्यक्षात ब्रेक नादुरुस्त असण्याची शक्यता कमी असते. चाक, रोटर (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची पोलादी चकती) आणि कॅलिपर यांपैकी एखादा भाग आपली जागा सोडून किंचित हललेला असतो. म्हणून एकाही बोल्टला हात लावण्यापूर्वी नेमके कोठे घासते ते शोधावे, हे या पानावरील सर्व उत्तरांमागचे सूत्र आहे.

डिस्क ब्रेक इतक्या सहज घासायला का लागतो?

कारण त्यात मोकळी जागाच फार थोडी असते. ब्रेक सोडलेला असताना पॅड (रोटरवर दाबले जाणारे घर्षणाचे तुकडे) आणि रोटर यांच्यात प्रत्येक बाजूला साधारण ०.२ ते ०.४ मिमी अंतर राहते, म्हणजे एखाद्या व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढे. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये हे अंतर राखण्याचे काम पिस्टनभोवतीचे चौकोनी छेदाचे रबरी सील करते. लिव्हर दाबला की ऑइलच्या दाबाने पिस्टन पुढे सरकतो आणि त्याला धरून बसलेले सील थोडे पिळवटते. लिव्हर सोडला की ते मूळ आकारात येताना पिस्टनला तेवढेच मागे खेचते. पॅड झिजला की पिस्टन सीलमधून किंचित पुढे घसरतो आणि अंतर आपोआप तेवढेच राहते. व्यवस्था अत्यंत सुबक आहे, परंतु तिला जाडजूड चुका सोसत नाहीत. रोटरला अर्ध्या मिलिमीटरचा बाक आला किंवा चाक तेवढेच तिरके बसले, तरी पॅडला स्पर्श होणारच.

थोडेसे घासणे चालते का, की लगेच दुरुस्त करायला हवे?

चाक जमिनीपासून उचलून हाताने फिरवावे. ते मोकळेपणाने बराच वेळ फिरत राहिले आणि अधूनमधून केवळ हलका स्पर्श ऐकू आला, तर त्याने वेगावर जाणवण्याजोगा परिणाम होत नाही. नवे पॅड किंवा नवा रोटर असेल तर असा आवाज काही दिवसांत पुष्कळदा आपोआप जातो. चाक एकदोन फेऱ्यांतच थांबत असेल, तर मात्र ब्रेक खरोखर ओढतो आहे. अशी सायकल चालवत राहिल्यास पॅड विनाकारण झिजतात, रोटर तापतो आणि चढावर सवाराचा दम फुकट जातो. माझ्या मते आवाजापेक्षा या परीक्षेवर अधिक विश्वास ठेवावा, कारण रिकाम्या पार्किंगमध्ये मोठा वाटणारा आवाज अनेकदा निरुपद्रवी असतो आणि खरे ओढणे कधी कधी अगदी नि:शब्द असते. मागचे चाक तपासताना ते पुढच्या दिशेने फिरवावे, म्हणजे चेनची ओढ मध्ये येत नाही; फ्रीव्हीलची टिकटिक मात्र ऐकू येतेच, तिला ब्रेकचा आवाज समजू नये.

आवाजावरून कारण ओळखता येते का?

बरेचसे ओळखता येते. चाकाच्या प्रत्येक फेरीत ठरावीक जागीच ‘खस्स’ होत असेल, तर रोटरला त्या जागी आऊट (बाक) आहे असे समजावे. आवाज अखंड असेल, तर कॅलिपर एका बाजूला सरकला आहे किंवा एखादा पिस्टन मागे जात नाही. सरळ चालवताना शांत असणारी सायकल वळणावर किंवा उभे राहून पेडल मारताना घासत असेल, तर संशय ब्रेकवर न घेता चाकाच्या मधल्या हबवर आणि अ‍ॅक्सलवर घ्यावा. धातूवर धातू लागल्यासारखी बारीक ‘टिंग टिंग’ ऐकू येत असेल, तर दोन पॅडच्या मधल्या पत्र्याच्या स्प्रिंगची एखादी तंगडी वाकून रोटरला लागत असते, किंवा पॅड अडकवणाऱ्या पिनेचे टोक बाहेर आलेले असते. हे शेवटचे कारण अगदी साधे आहे. तरीही ते सर्वांत शेवटी तपासले जाते आणि तोवर सारा ब्रेक उघडून झालेला असतो.

सर्वांत आधी काय तपासावे?

चाक नीट बसले आहे का ते. पंक्चर काढून चाक परत लावल्यानंतर ब्रेक घासू लागला असेल, तर दहापैकी बहुतेक वेळा उत्तर येथेच मिळते. क्विक रिलीज (तरफेने उघडणारा दांडा) असलेल्या सायकलीचे चाक, सायकल उलटी ठेवून किंवा हातात आडवी धरून लावले, तर अ‍ॅक्सल एका बाजूने पूर्ण आत जात नाही. सायकल सरळ उभी करावी, क्विक रिलीज सैल करावा, हँडल किंवा सीटवर हाताने भार देऊन अ‍ॅक्सल दोन्ही बाजूंनी खाचेत टेकवावा आणि भार कायम ठेवूनच तरफ बंद करावी. तरफ बंद करताना तळहातावर तिचा वळ उमटेल इतपत जोर लागला पाहिजे. त्याहून फार जास्त घट्ट केल्यास हबमधील बेअरिंग दाबली जातात, फार सैल ठेवल्यास ब्रेक मारताना चाक सरकते.

थ्रू अ‍ॅक्सलमध्ये (हा हबमधून आरपार जाऊन फ्रेममध्ये आवळला जातो) चाकाची जागा आपोआप ठरते, हा त्याचा मोठा गुण आहे. तरीही अ‍ॅक्सल एकदा कमी आणि एकदा जास्त घट्ट केल्यास रोटरची जागा केसभर बदलू शकते, आणि येथे केसभरालाही महत्त्व आहे. अ‍ॅक्सलवर किंवा फ्रेमवर जो टॉर्क (आवळण्याचा जोर) छापलेला असतो, तोच प्रत्येक वेळी द्यावा.

यानंतर रोटरचे बोल्ट पाहावेत. सहा बोल्टांच्या रोटरला सहसा टी २५ आकाराचा पाना लागतो. त्यांतला एखादा सैल असला तरी रोटर डोलतो. बोल्ट आवळताना गोलाकार क्रमाने न जाता समोरासमोरच्या जोड्यांत आवळावेत. शिमानो आपल्या सहा बोल्टांच्या रोटरसाठी २ ते ४ न्यूटन-मीटर सांगते, तर स्रॅम ६.२ न्यूटन-मीटर, म्हणून एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नये. सेंटर लॉक (मधल्या एकाच रिंगने आवळल्या जाणाऱ्या) रोटरच्या लॉकरिंगला ४० न्यूटन-मीटर लागतात, आणि तेवढा जोर साध्या पान्याने अंदाजाने देणे कठीण असते.

कोणता पॅड घासतो आहे हे डोळ्यांनी कसे पाहावे?

कॅलिपरच्या मागे पांढरा कागद धरावा, त्यावर मोबाइलच्या टॉर्चचा उजेड पाडावा आणि समोरून एक डोळा मिटून रोटरच्या कडेच्या अगदी रेषेत पाहावे. मध्ये रोटरची काळी रेघ दिसते आणि तिच्या दोन्ही बाजूंना उजेडाच्या दोन अतिशय बारीक चिरा. चाक हळूहळू फिरवले की या चिरा रुंद-अरुंद होताना दिसतात. एका बाजूची चीर सबंध फेरीभर दिसतच नसेल, तर कॅलिपर किंवा पिस्टनची समस्या आहे. चीर फेरीतून एकदाच मिटून पुन्हा उघडत असेल, तर रोटर तेवढ्या जागी वाकला आहे. दोन्ही चिरा कायम मिटलेल्या असतील, तर दोन्ही पिस्टन पुढे अडकले आहेत किंवा ब्रेकमध्ये ऑइल जास्त झाले आहे. चीर मिटते त्या जागेसमोर टायरवर खडूची खूण करून ठेवावी. रोटरच्या घासणाऱ्या पट्ट्यावर पेनाने किंवा मार्करने काहीही लिहू नये.

या पाहणीला पाच मिनिटे लागतात आणि पुढचा अर्धा तास वाचतो.

कॅलिपर मध्यावर कसा आणायचा?

आधी योग्य बोल्ट ओळखावेत. आजच्या बहुतेक माउंटन बाइकवर पोस्ट माउंट पद्धतीचा कॅलिपर असतो. त्याच्या दोन बोल्टांतील अंतर ७४ मिमी असते आणि कॅलिपरची छिद्रे आडवी लांबट असल्यामुळे तो डावी-उजवीकडे सरकवता येतो. फ्रेम किंवा फोर्क आणि कॅलिपर यांच्यामध्ये अ‍ॅडाप्टर असेल, तर अ‍ॅडाप्टर फ्रेमला धरणारे बोल्ट सोडायचे नसतात, कॅलिपर अ‍ॅडाप्टरला धरणारे सोडायचे असतात. ही गफलत झाली की कितीही वेळ घालवला तरी कॅलिपर जागेवर येत नाही.

दोन्ही बोल्ट इतकेच सैल करावेत की कॅलिपर हाताने हलेल, पण डगडगणार नाही. चाक फिरवून त्या ब्रेकचा लिव्हर घट्ट दाबावा आणि रबर बँडने किंवा मदतनिसाच्या हाताने तसाच दाबून ठेवावा. पॅडनी रोटरला दोन्ही बाजूंनी पकडल्यामुळे कॅलिपर आपोआप मध्यावर येतो. आता बोल्ट आळीपाळीने, एकेका वेळी पाव फेरी याप्रमाणे आवळावेत. एकच बोल्ट सलग आवळला तर बोल्टाचे डोके फिरताना कॅलिपरलाही आपल्याबरोबर थोडे फिरवते आणि केलेले काम वाया जाते. या कारणासाठी बोल्टाखालच्या वायसरला आणि आट्यांना अगदी थोडे ग्रीस लावणे उपयोगी पडते, मात्र ते पॅडकडे ओघळता कामा नये. शेवटचा टॉर्क शिमानोसाठी ६ ते ८ न्यूटन-मीटर आहे.

लिव्हर सोडून वर सांगितल्याप्रमाणे उजेडाच्या चिरा पाहाव्यात. एक बाजू अजून अरुंद असेल, तर केवळ एकच बोल्ट किंचित सैल करून कॅलिपरचे तेवढेच टोक अंगठ्याने ढकलावे आणि पुन्हा आवळावे. शेवटचे काम नजरेने करावे लागते. लिव्हर दाबण्याची पद्धत आपल्याला जवळपास आणून सोडते, नेमक्या जागी पोचवतेच असे नाही.

कॅलिपर मध्यावर आणला, पण दोनचार वेळा ब्रेक मारल्यावर पुन्हा घासतो. असे का?

एक पिस्टन आळशी झाला असण्याची दाट शक्यता आहे. दोन पिस्टनांपैकी एक सहज सरकतो आणि दुसरा धूळ किंवा कोरड्या सीलमुळे अडून राहतो. मग सहज सरकणारा पिस्टन सगळे काम करतो आणि रोटरला दुसऱ्या बाजूला वाकवतो. खाडीकाठची दमट, खारी हवा आणि रस्त्यांच्या व मेट्रोच्या बांधकामांची बारीक धूळ यांमुळे आपल्याकडे हा दोष कोरड्या हवेच्या गावांपेक्षा लवकर उद्भवतो असे मला वाटते. कॅलिपर पुन्हा पुन्हा सरकवून तो कधीही जात नाही.

उपाय असा. चाक काढावे, पॅड काढावेत. सहज सरकणारा पिस्टन प्लॅस्टिकच्या टायर लिव्हरने आतच धरून ठेवावा आणि ब्रेकचा लिव्हर अगदी हळू दाबावा, म्हणजे आळशी पिस्टन २ ते ३ मिमी बाहेर येईल. त्याहून पुढे आणू नये. पिस्टन पूर्ण बाहेर निघाला की ऑइल सांडते आणि ब्लीडिंगशिवाय (ऑइल भरून नळीतली हवा काढल्याशिवाय) गत्यंतर राहत नाही. बाहेर आलेल्या पिस्टनच्या कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेली कापसाची काडी फिरवावी. पहिल्या एकदोन काड्या काळ्याकुट्ट निघतात. काडी स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहावे. मग त्याच ब्रेकमध्ये वापरले जाणारे ऑइल थेंबभर घेऊन पिस्टनच्या कडेला लावावे, पिस्टन सरळ आत ढकलावा, पुन्हा बाहेर काढावा, आणि दोन्ही पिस्टन सारख्या वेगाने हलू लागेपर्यंत हे चारपाच वेळा करावे. शेवटी जादा ऑइल पूर्णपणे पुसूनच पॅड बसवावेत.

पिस्टन ढकलायला स्क्रू ड्रायव्हर वापरू नये. शिमानोच्या अनेक ब्रेकमध्ये पिस्टन सिरॅमिकचे असतात आणि धातूच्या टोकाने दाब दिल्यास त्यांचा टवका उडतो. टवका उडालेला पिस्टन सुटा मिळणे कठीण असते, त्यामुळे बहुधा सबंध कॅलिपरच बदलावा लागतो.

रोटरचा आऊट घरी काढता येतो का?

येतो, पण सावकाश. यासाठी खाच असलेले पोलादी हत्यार मिळते. तोंड स्वच्छ पुसलेला छोटा अ‍ॅडजस्टेबल पानाही चालतो. रोटर थंड असावा, कारण उताराहून आल्या आल्या तो हाताला चटका देण्याइतका तापलेला असतो आणि त्याचा तापलेला आकार हा त्याचा खरा आकार नसतो. खडूच्या खुणेपाशी उजेडाची कोणती चीर मिटते ते पाहावे, तो भाग कॅलिपरच्या बाहेर आणावा आणि उलट दिशेला अगदी थोडा वाकवावा. पहिल्यांदा इतका कमी जोर द्यावा की काहीच बदल होणार नाही, आणि तेथून तो वाढवत न्यावा. पोलाद थोडे वाकून परत येते. ते कोठे परत येणे सोडते, हे हातालाच कळावे लागते.

रोटर पूर्ण सरळ करण्याच्या मागे लागू नये. ०.१ ते ०.२ मिमी डोलणे व्यवहारात चालते. डोलणारा पट्टा लांब असेल, म्हणजे रोटरचा जवळजवळ अर्धा भाग एका बाजूला कललेला असेल, तर वाकवण्याऐवजी रोटर काढून हबवर त्याच्या खाली माती किंवा रंगाचा पापुद्रा अडकला आहे का ते पाहावे. दगडावर आदळून रोटरला तीक्ष्ण मोड आली असेल किंवा चीर गेली असेल, तर तो बदलणे हाच एक मार्ग आहे. हाताळताना घासणाऱ्या पट्ट्याला बोटे लावू नयेत आणि काम झाल्यावर तो अल्कोहोलने पुसावा.

माझ्या सायकलला केबलचा मेकॅनिकल डिस्क ब्रेक आहे. त्यालाही हेच लागू होते का?

चाक, रोटर आणि बोल्ट यांपुरते होय, त्यापुढे नाही. भारतात सुरुवातीच्या किमतीच्या बऱ्याच माउंटन बाइकवर मेकॅनिकल डिस्क ब्रेक येतो आणि त्यांपैकी बहुतेकांत फक्त बाहेरचा पॅड हलतो, आतला स्थिर असतो. बाहेरचा पॅड रोटरला वाकवून आतल्या पॅडवर दाबतो, असे ते काम चालते. म्हणून येथे रोटर बरोबर मध्यावर असण्याची गरज नसते. तो स्थिर पॅडच्या अधिक जवळ असावा लागतो. स्थिर पॅडच्या मागचा स्क्रू चाकाच्या आतल्या बाजूने, आऱ्यांमधून अ‍ॅलन की घालून फिरवता येतो. तो आत घेऊन पॅड रोटरला जेमतेम टेकवावा आणि घासणे थांबेपर्यंत किंचित मागे घ्यावा. त्यानंतर बाहेरच्या पॅडचे अंतर जुळवावे.

या ब्रेकमध्ये स्वयंचलित समायोजन नसते, पॅड झिजले की अंतर आपणच कमी करायचे असते. ते काम केवळ केबल ताणून भागवू नये; कॅलिपरचा हात मोकळ्या अवस्थेतच अर्धा पुढे आलेला राहिला, तर त्याला जोर देण्यासाठी पुरेशी फेरी उरत नाही.

ब्रेक मारल्यानंतरच घासत असेल आणि हाताने कॅलिपरचा दांडा मागे ढकलल्यावर थांबत असेल, तर दोष केबलचा आहे. पावसाळ्यानंतर आऊटर केबलच्या आत गंज धरतो आणि केबल परत जात नाही. केबल आणि आऊटर दोन्ही एकदमच बदलावेत, खर्च फार येत नाही आणि ब्रेक नव्यासारखा हलका होतो.

नवे पॅड टाकले आणि चाक फिरेनासे झाले. पॅड चुकीचे आहेत का?

बहुधा नाहीत. जुने पॅड झिजले तसे पिस्टन पुढे आलेले असतात आणि नवे, जाड पॅड टाकण्यापूर्वी ते पूर्ण मागे ढकलावे लागतात. जुने पॅड आत असतानाच त्यांच्यामध्ये टायर लिव्हर घालून ढकलले, तर पिस्टनना इजा होत नाही. पिस्टन मागे जातच नसतील, तर जुने पॅड झिजलेले असताना कोणीतरी ऑइल वरपर्यंत भरले असावे. मग लिव्हरजवळचा ब्लीड स्क्रू उघडून जादा ऑइल बाहेर काढावे लागते. पॅडचा आकार मॉडेलनुसार बदलतो, त्यामुळे जुना पॅड दुकानात नेऊन जुळवून घेणे सर्वांत खात्रीचे. रोटरवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ (फक्त रेझिनचे पॅड) असे कोरलेले असेल, तर त्यावर धातूमिश्रित पॅड वापरू नयेत, कारण असा रोटर त्यांच्यामुळे फार लवकर झिजतो.

पावसाळ्यात रोजच आवाज येतो. दर वेळी कॅलिपर हलवायचा का?

अजिबात नाही. जून ते सप्टेंबर या काळात रस्त्यावरच्या पाण्यातून येणारी वाळू आणि चिखल पॅडच्या मध्ये अडकतो आणि खरखर होते. तेव्हा एखाद्या बादलीभर साध्या पाण्याने कॅलिपर वरून खाली धुवावा, चाक फिरवावे, दोनचार वेळा ब्रेक मारावा. आवाज बहुतेक वेळा जातो. गाड्या धुण्याच्या पंपाचा जोरदार झोत कॅलिपर किंवा हबवर मारू नये, त्याने पाणी सील ओलांडून बेअरिंगमध्ये शिरते. सकाळी पहिल्या काही ब्रेकला येणारी घरघर ही रात्रीच्या दमटपणाची असते आणि ती रोटर गरम झाला की थांबते.

पावसाळ्यात खरी काळजी पॅडच्या जाडीची करावी. वाळूमिश्रित पाण्यात रेझिन पॅड फार वेगाने झिजतात, आणि एरवी कित्येक महिने टिकणारे पॅड पावसाळी खड्ड्या-चिखलात थोड्याच आठवड्यांत संपलेले आढळतात. धातूमिश्रित पॅड आवाज अधिक करतात, पण ओल्यात जास्त टिकतात. रोटर त्यांना चालणारा असेल तर पावसाळ्यापुरते ते घालावेत, असे मी सुचवेन.

उपवनहून येऊरला चढताना उभे राहून पेडल मारले की मागचा ब्रेक घासतो, बसल्यावर थांबतो. काय करावे?

सायकल स्टँडवर तपासून हा दोष सापडणार नाही, कारण तेथे तिच्यावर भारच नसतो. उभे राहून जोर लावला की फ्रेम, चाक आणि हब सगळेच थोडे वाकतात आणि ०.३ मिमीचे अंतर त्यात संपते. चाक वरच्या बाजूला धरून फ्रेमच्या दिशेने डावी-उजवीकडे हलवून पाहावे. ‘टक’ असा धक्का हाताला लागला, तर हबच्या बेअरिंगमध्ये प्ले (ढिलाई) आहे. कप-कोन पद्धतीच्या हबमध्ये तो कोन पान्याने काढता येतो, सीलबंद बेअरिंग असतील तर त्या बदलाव्या लागतात. त्याबरोबरच आरे दाबून पाहावेत. सैल आऱ्यांचे चाक भाराखाली अधिक झुकते. या दोन्ही गोष्टी ठीक असतील आणि केवळ जोराच्या चढावर हलकी खसखस होत असेल, तर ती सोडून द्यावी.

लांब उतार उतरल्यावर घासू लागतो आणि थोड्या वेळाने आपोआप थांबतो. हे धोक्याचे आहे का?

सावध होण्याजोगे आहे. उतारभर ब्रेक सतत हलका ओढत ठेवल्यास रोटर तापून तात्पुरता वाकतो आणि ऑइल प्रसरण पावते. लिव्हरजवळच्या टाकीत ऑइल गरजेपेक्षा जास्त भरलेले असेल, तर प्रसरणाला जागा न मिळाल्याने पॅड रोटरच्या जवळच राहतात. सरळ पट्ट्यांत ब्रेक मोकळे सोडून वळणाआधी दोन्ही ब्रेक नेटाने पण थोडा वेळच मारावेत, म्हणजे मधल्या वेळात हवा रोटरला थंड करते. तसे करूनही घासत असेल, तर ऑइलची पातळी तपासून घ्यावी.

रोटरवर थोडे तेल किंवा गंज काढण्याचा स्प्रे मारला तर आवाज थांबेल का?

आवाजाबरोबर ब्रेकही थांबेल. कोणतेही तेल, ग्रीस किंवा स्प्रे रोटरला लागू देऊ नये. चेनला स्प्रे मारताना उडालेले तुषारसुद्धा मागच्या रोटरवर बसतात, म्हणून चेनला थेंबाथेंबाने तेल द्यावे आणि त्या वेळी रोटरवर जुनी प्लॅस्टिकची पिशवी चढवावी. तेल लागलेच तर रोटर अल्कोहोलने साफ होतो. पॅडमध्ये मात्र तेल मुरते. घासून किंवा तापवून ते पूर्ण जाईल याचा भरवसा नसल्याने पॅड बदलणेच श्रेयस्कर.

नव्या पॅडची घासणी बसवण्यासाठी मोकळ्या सपाट रस्त्यावर साधारण ताशी २५ किमी वेग घ्यावा, ब्रेक सलग दाबून चालण्याच्या वेगापर्यंत यावे, चाक लॉक होऊ देऊ नये, आणि असे प्रत्येक ब्रेकसाठी वीसएक वेळा करावे. पहाटेचा रिकामा रस्ता याला उत्तम.

ब्रेकमध्ये कोणते ऑइल घालावे?

लिव्हरवर किंवा टाकीच्या झाकणावर लिहिलेले असेल तेच. शिमानो, टेक्ट्रो आणि मागुरा मिनरल ऑइल वापरतात. स्रॅमच्या बहुसंख्य ब्रेकमध्ये डॉट ५.१ (ब्रेक फ्लुइडचा एक प्रकार) लागते, तरी त्यांचे काही नवे ब्रेक मिनरल ऑइलवर चालतात. एकाच्या जागी दुसरे घातल्यास सील फुगतात किंवा खराब होतात आणि घासणे ही त्यातली सर्वांत लहान तक्रार ठरते. डॉट ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून आपल्या हवेत उघडलेली बाटली वर्षभर जपून ठेवू नये. ते रंगही खाते, त्यामुळे फ्रेमवर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

सायकल सोसायटीच्या पार्किंगमध्ये असते आणि न चालवताही ब्रेक घासू लागतो. हे कसे होते?

रोटर सायकलच्या डाव्या बाजूला असतो आणि शेजारच्या सायकलचे पेडल किंवा स्कूटरचा स्टँड नेमका तेथे लागतो. शक्य असेल तर डावी बाजू भिंतीकडे करून सायकल लावावी. आडवी ठेवायची वेळ आल्यास डावी बाजू वर असावी; एरवी चेनची बाजू जपण्याच्या नादात आपण नेमके उलटे करतो. सायकल उलटी किंवा पुढचे चाक वर करून टांगल्यास टाकीतली हवा नळीत शिरू शकते आणि लिव्हर मऊ लागतो, तेव्हा निघण्यापूर्वी तो काही वेळा दाबून पाहावा.

गाडीतून किंवा टेम्पोतून नेताना चाक काढले असेल, तर पॅडमध्ये प्लॅस्टिकचा स्पेसर घालावा, नसल्यास घडी घातलेला स्वच्छ पुठ्ठा. चाक नसताना लिव्हर दाबला गेला की पॅड एकमेकांना चिकटतात आणि पोचल्यावर चाक आत जात नाही. स्पेसर नव्या सायकलसोबत येतो आणि बहुतेक ठिकाणी तो खोक्याबरोबर फेकला जातो. दुकानातून तो मागून घ्यावा.

दुकानात नेल्यास मेकॅनिकला काय सांगावे?

‘ब्रेक घासतो’ एवढे सांगू नये. पुढचा की मागचा, फेरीत एकदा की सतत, चाक काढल्यापासून की पडल्यापासून, बसून की उभे राहून, हे सांगावे. ब्लीडिंग सुचवले गेल्यास कारण विचारावे. लिव्हर मऊ लागत असेल किंवा हँडलपर्यंत येत असेल तर ब्लीडिंग योग्य; लिव्हर टणक आहे आणि केवळ घासते आहे, तर ब्लीडिंगने सहसा काही साधत नाही. नव्या सायकलवर कॅलिपर कितीही जुळवला तरी तिरकाच बसत असेल, तर फ्रेमच्या पोस्टवर रंगाचा थर असू शकतो. तो खास हत्याराने सपाट करून देणाऱ्या दुकानातच हे काम द्यावे.

अशी सायकल चालवणे कधी पूर्ण टाळावे?

कॅलिपरपाशी ऑइलचा ओलावा दिसत असेल, लिव्हर हँडलला टेकत असेल, जळका वास येत असेल, रोटरला चीर असेल किंवा घासण्याचा आवाज धातूवर धातूचा असेल, तर सायकल चालवू नये. पारसिक हिल किंवा येऊरवर असे आढळल्यास उतारावर सायकल हातात धरून चालत यावे. शिमानोच्या पॅडवरील घर्षणद्रव्य ०.५ मिमी उरले की पॅड बदलायचे असतात. शिमानोचा रोटर नवा असताना १.८ मिमी जाड असतो आणि १.५ मिमीवर तो बाद होतो. ही मर्यादा अनेकदा रोटरवरच कोरलेली असते. जाडी मायक्रोमीटरने आणि पॅड घासतात त्या पट्ट्याच्या मध्यावर मोजावी, कारण कडेला न झिजलेली धार राहते आणि मोजमापाच्या साध्या व्हर्नियर कॅलिपरचे जबडे तिच्यावर टेकून जाडी जास्त दाखवतात.